हवाई दल म्हणजे नुसते पायलट नव्हेत : इतिहास, कामकाज आणि गावच्या पोरापोरींसाठी भरतीची वाट

खारी (भाईंदर पूर्व) : खारीत उभं राहून वर पाहिलं की जी विमानं दिसतात ती बहुतेक मुंबई विमानतळाची, प्रवाशांची. हवाई दलाचं विमान आपल्याला दिसतं ते २६ जानेवारीला, टीव्हीवर. त्यामुळं हवाई दल म्हटलं की डोळ्यापुढं येतो तो हेल्मेट घातलेला पायलट. पण दलात पायलट थोडे असतात. बाकीचे सगळे जमिनीवर असतात, आणि त्यांच्याशिवाय एकही विमान उडत नाही.

हे पहिल्या दिवसापासून असंच आहे. भारतीय हवाई दल कायद्यानं स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला, म्हणून ८ ऑक्टोबर हा हवाई दल दिन. पहिली स्क्वाड्रन उभी राहिली १ एप्रिल १९३३ ला कराचीत. विमानं होती चार, वापिती नावाची, दोन पंखांची. भारतीय पायलट पाच. आणि विमानं सांभाळायला १९ हवाई सिपाही. त्या पाचांतले सुब्रोतो मुखर्जी १ एप्रिल १९५४ ला दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर केलेल्या कामगिरीमुळं १९४५ मध्ये नावाला 'रॉयल' जोडलं गेलं. १९५० ला प्रजासत्ताक झाल्यावर ते गेलं.

स्वातंत्र्य मिळून अडीच महिने होत नाहीत तोच काश्मीरचा प्रश्न उभा राहिला. २७ ऑक्टोबर १९४७ ला डाकोटा विमानांनी दिल्लीहून शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरवले, म्हणून श्रीनगर हातात राहिलं. १९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. फक्त मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं रसद टाकत राहिली. हा निर्णय चुकला असं म्हणणारे जाणकार आजही आहेत. १९६५ ला मात्र हवाई दल पूर्ण ताकदीनं उतरलं. १९७१ मध्ये १४ डिसेंबर या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ विमानांनी हल्ला केला, आणि श्रीनगरवर आलेल्या शत्रूच्या विमानांशी लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों शहीद झाले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलातले आजवरचे एकमेव. पुढं कारगिल १९९९, बालाकोट २०१९, ऑपरेशन सिंदूर २०२५ हे बहुतेकांना ठाऊक आहे.

कारभार कसा चालतो

दलाचे सात कमांड आहेत. पाच लढाईचे, एक प्रशिक्षणाचा (बेंगळुरू) आणि एक देखभालीचा. हा देखभालीचा कमांड, म्हणजे मेंटेनन्स कमांड, आपल्या नागपुरात आहे. १९५५ ला तो कानपूरला सुरू झाला होता. दुरुस्तीचे डेपो, सुट्या भागांची भांडारं या सगळ्यांचा कारभार तिथून चालतो.

कमांडच्या खाली विंग आणि स्टेशन, त्याखाली स्क्वाड्रन. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. मंजुरी ४२ स्क्वाड्रनची आहे. मिग-२१ निवृत्त झाल्यावर हातात राहिल्या २९. देशाला आज खरी काळजी आहे ती ही. नवीन विमान सांगून वर्षानुवर्षं मिळत नाही, म्हणून आहे ते विमान उडतं ठेवणं याला सोन्याचा भाव आहे.

ट्रॅक्टर तासावर सर्व्हिसिंगला जातो तसंच विमानाचं असतं. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, सगळं लिहून ठेवतात. उड्डाणाआधी इंजिनवाला, विजेवाला, शस्त्रवाला असे वेगवेगळे लोक आपापला भाग तपासून सही करतात. मग पायलट वहीत सही करून विमान ताब्यात घेतो. एक सही राहिली तर विमान जागचं हलत नाही. ट्रॅक्टर बांधावर बंद पडला तर चालतं, हे वरती बंद पडून चालत नाही.

मोठी दुरुस्ती नाशिकजवळ ओझरला हवाई दलाच्या ११ नंबरच्या डेपोत होते. तिथं सुखोई आणि मिग-२९ अख्खं उघडून परत जोडतात. त्याच ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तो हवाई दलाचा नव्हे, सरकारी कंपनीचा. १९६४ ला मिग विमानांसाठी तो सुरू झाला तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि ते नाशिकमधून बिनविरोध निवडून गेलेले खासदार होते. १९६३ पासून दलात असलेलं मिग-२१ चंडीगडला २६ सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झालं. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं उड्डाण केलं. पुण्याच्या लोहगावला सुखोईचा तळ आहे.

एवढं सगळं महाराष्ट्रात. प्रमुखपदही मराठी माणसांनी सांभाळलं : हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी. चौधरींचं मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं हस्तरा, तालुका हदगाव.

आपल्या पोरांनी काय करायचं

अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स-गणित घेऊन एनडीएची परीक्षा. वर्षातून दोनदा होते, २०२२ पासून मुलींनाही खडकवासल्यात प्रवेश आहे. तयारीसाठी राज्य सरकारची संस्था छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी १९७७ पासून आहे, मुलींसाठी आता नाशिकला.

जमिनीवरच्या कामासाठी भरती होते अग्निवीरवायू म्हणून. वय साडेसतरा ते २१, लग्न झालेलं नको, बारावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही वाट आहे, त्यांचा पेपर वेगळा. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात. मुलांना १.६ किलोमीटर सात मिनिटांत पळायचं असतं, मुलींना आठ. गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि तळहाताच्या मागं चालतं. मानेवर-दंडावर टॅटू काढलेली पोरं तिथंच बाद होतात (आदिवासी समाजाच्या रूढीचं गोंदण वेगळं तपासतात).

आता पैशाचं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, पण ३० टक्के सेवानिधीत कापून हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,००० तून २८,०००. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होतात. बाकीच्यांना व्याज सोडून सुमारे १० लाखांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे चारातली तिघं पंचविशीच्या आत गावात परत येणार. घरच्यांनी हे आधीच धरून चालावं. चार वर्षांत इंजिन, रडार, वायरिंग असं हाताला काम लागलं तर बाहेर ते विकता येतं. म्हणून तांत्रिक बाजूला जाता येत असेल तर तिकडंच जावं.

भाईंदर-खारीच्या मुलांना निवड केंद्र लांब नाही. मुंबईत कॉटन ग्रीनला ६ नंबरचं निवड केंद्र आहे, अंधेरीला उतरून हार्बर पकडली की सरळ. अर्ज मात्र फक्त ऑनलाइन, हवाई दलाच्या अधिकृत संकेतस्थळावर, फी ५५० रुपये अधिक जीएसटी. याच्यावर एक रुपयाही कुणी मागितला, 'आपला माणूस आत आहे' म्हणाला, तर तो भामटा समजावा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते अर्ज भरायच्या आधी बघून घ्यावं, दुरुस्तीला वेळ लागतो.