आखाजीची घागर आणि आपण



अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे वर्षीतपाच्या पारण्याची गडबड असते आणि मेहरूणला आमच्या शेजारच्या घरी आखाजीची. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर लहान मडके, सोबत खरबूज आणि सांजोऱ्या. घागर मात्र नवीच लागते.

पूर्वी कुंभार बलुतेदार होता. वर्षभर गावाला भांडी पुरवायची आणि सुगीत खळ्यावर धान्य घ्यायचे. ती पद्धत मोडली. स्टील, प्लास्टिक आणि फ्रीज आले, तसे घराघरांतले रांजण गेले. टिकली ती सणाची खरेदी: आखाजीची घागर, पोळ्याचे मातीचे बैल, नवरात्रातला घट, दिवाळीच्या पणत्या. कुंभाराचे गिऱ्हाईक सणांनीच राखले.

आपल्या आगम-पुराणांतही कुंभाराचा मान मोठा आहे. हेमचंद्राचार्यांनी 12व्या शतकात लिहिलेल्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात गोष्ट येते. लोकांना अग्नी मिळाला, पण त्यात टाकलेले धान्य जळून जाई. तेव्हा हत्तीवर बसलेल्या ऋषभदेवांनी ओली माती मागवली, हत्तीच्या गंडस्थळावर तिला भांड्याचा आकार दिला आणि असे भांडे करून त्यात अन्न शिजवायला सांगितले. तेच पहिले शिल्प. पुढे श्रेयांसकुमाराने हस्तिनापुरात याच प्रभूंना उसाचा रस वाहिला, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा.

आता कारागिरांसाठी मोठे बाजारही भरतात. जळगावात बहिणाबाई महोत्सव होतो, मुंबईत महालक्ष्मी सरस. बचत गटांच्या बायकांचे पापड, लोणची, मसाले तिथे हातोहात जातात. घागरीचे तसे नाही. ती जड आणि वाटेत फुटणारी, भाड्यातच नफा जातो. तिचा खरा बाजार जवळचाच, म्हणजे आपलाच.

गेल्या वर्षी मी रस्त्याकडेच्या कुंभारीण मावशीशी दहा रुपयांसाठी घासाघीस केली. त्या म्हणाल्या, "ताई, माती विकत, जळण विकत, आणि तडकलेली घागर आमच्याच पदरी." मी दहा रुपये कमीच दिले. त्याच दुपारी पारण्याला चांदीच्या छोट्या घड्यांतून रस वाढताना ते दहा रुपये मनात टोचत राहिले.

यंदा पारण्याचे घडे मी मातीचेच सांगितले आहेत, महिनाभर आधी आणि त्यांच्याच भावाने. तुम्हीही बघा जमतंय का.

मिच्छामि दुक्कडम् त्या मावशींना.