गोपनीयता आणि वृत्तदान : नगर जिल्ह्याच्या संदर्भात

रुग्णाचे गुपित राखणे हा मानसोपचाराचा जुना दंडक होय. बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्याने त्यास मर्यादा घातली. अपराधाची माहिती वा आशंका पोलिसांस कळविणे कलम 19 अन्वये सर्वांवर बंधनकारक झाले. राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात डॉक्टरवरील रद्द झालेला खटला सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली पुन्हा उभा केला.

परंतु कळविण्यापूर्वी ओळखावे लागते. अकस्मात अबोला, अंथरुणात लघवी होणे, विशिष्ट व्यक्तीचे भय यांपैकी एकही लक्षण स्वतंत्रपणे पुरावा नव्हे. त्यांची संगती दीर्घ निरीक्षणानेच लागते. नगर, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात पाथर्डीकडील ऊसतोड कुटुंबांची अनेक मुले हंगामभर शाळेपासून दुरावतात. तेथे मनोवैद्यास शिक्षकाच्या निरीक्षणाचाच आधार असतो. अपराध सिद्ध करणे हे त्याचे कार्य नव्हे. आशंका न दडपणे हे होय.