नंदिनी कुणाची?

बंगळुरूत सकाळ होते ती निळ्या पिशवीने. पिशवीच्या कोपऱ्याला कात्री लावताना डोळ्यांसमोर येतं ते गाईचं चित्र आणि ‘नंदिनी’ हे नाव. कर्नाटक दूध महासंघाने ते १९८५ मध्ये घेतलं. घेतलं म्हणजे पुराणातून उचललं. नंदिनी ही कामधेनूची लेक, वसिष्ठांच्या आश्रमातली. तिच्यासाठी विश्वामित्रांनी सैन्य आणलं. द्यू नावाच्या वसूने तर ती चोरलीच आणि शापापायी त्याला भीष्म होऊन जन्मावं लागलं. मालकीचा वाद हिच्या कुंडलीतच होता म्हणायचा.

१९८९ मध्ये याच शहरात ‘नंदिनी’ नावाचं हॉटेल निघालं. केळीचं पान, आंध्रचं झणझणीत जेवण. रोमन लिपीत यांच्या नावात एक एच जास्त; ‘द’ तसा लिहायची दक्षिणेत सवयच आहे. देवनागरीत लिहा, फरक पुसला जातो! पुढे हॉटेलाने नावाची नोंदणी मागितली. असा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात, तो कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. महासंघाची होती.

खरी गंमत वर्गवारीची. नोंदणीसाठी जगातला सगळा माल आणि सेवा ४५ वर्गांत बसवल्या आहेत. २९व्या वर्गात दूध आहे आणि मांस-मासळीही. ऋषींची गाय थेट खाटकाशेजारी! महासंघाचं म्हणणं, वर्ग तोच, नाव तेच, मग गिऱ्हाईक फसणारच. निबंधकांनी ते मानलं नाही. अपील मंडळाने २०११ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मानलं.

२६ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नंदिनी हा कुणी घडवलेला शब्द नव्हे, ते देवीचं आणि गाईचं नाव. दुधासाठी नोंदवलं म्हणून अख्खा वर्ग आपला होत नाही. शिवाय दोन्ही चिन्हं दिसायलाही वेगळी. मला हे पटतं. ‘कोडॅक’सारखा बिनअर्थाचा शब्द लोकांच्या तोंडी बसवायला पैसा ओतावा लागतो, पण तो राखणं सोपं. घरोघरच्या मुलींचं नाव चटकन तोंडी बसतं, पण त्याला कुंपण घालणार कसं?

हॉटेलाच्या नोंदणीतून दूध आणि दुधाचे पदार्थ मात्र वगळले गेले. एचवाली नंदिनी मसाल्याच्या पाकिटावर चालेल, दह्याच्या डब्यावर नाही.