बडोद्याची मुदत आणि लंडनची मुदत

डॉ. आंबेडकर आणि बडोदे हा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. एक, सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. दुसरी, सयाजीबागेतलं ते झाड. या दोन्हींच्या मधे एक तिसरी गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. ती म्हणजे मुदत. पदवी किती दिवसांत पुरी करायची, हे कोण ठरवतं आणि ती मुदत संपली की काय होतं? मी पेशाने इंजिनिअर. तीसेक वर्षं कामाच्या तारखा सांभाळण्यात गेली, म्हणून असेल, पण बाबासाहेबांच्या शिक्षणाचा इतिहास वाचताना माझी नजर आधी तारखांवर जाते.

पहिली तारीख ४ जून १९१३. या दिवशी बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला. वडील रामजी सकपाळ वारून जेमतेम चार महिने झाले होते. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची, म्हणजे जून १९१६ पर्यंत. अट अशी की ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. यात गैर काही नव्हतं. ज्या संस्थानाने १९०६ साली सगळ्या मुलुखात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू केलं, त्याला शिकलेली माणसं हवी होती आणि ती वेळेत हवी होती. तिजोरीतून पैसा जातो तेव्हा त्याला तारीख लागतेच.

जुलै १९१३ मधे बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तीन वर्षांत काय काय उरकलं ते पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. १९१५ मधे एम.ए. मे १९१६ मधे गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला आणि जूनमधे पीएच.डी.चा प्रबंधही सादर केला. तीन वर्षांची मुदत त्यांनी अशी शेवटच्या दिवसापर्यंत पिळून घेतली.

पण प्रबंध दिला म्हणजे पदवी मिळाली असं नव्हतं. कोलंबियाचा त्या काळचा नियम असा की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला द्यायच्या, मगच पीएच.डी. छपाईला पैसे लागतात आणि शिष्यवृत्ती तर संपत आलेली. हा प्रबंध वाढवून लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने १९२५ साली ग्रंथरूपाने छापला. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं हे पुस्तक बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केलं आहे. पदवी प्रत्यक्ष हातात आली ती जून १९२७ मधे. म्हणजे प्रबंध आणि पदवी यांत अकरा वर्षांचं अंतर! या अकरा वर्षांत कोलंबियाने दार बंद केलं नाही, हे लक्षात ठेवू या.

आता लंडन. तीन वर्षं संपल्यावर बाबासाहेबांनी मुदतवाढ मागितली आणि बडोद्याने एक वर्ष वाढवून दिलं. ऑक्टोबर १९१६ मधे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधे दाखल झाले, पाठोपाठ बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमधेही. १९१७ च्या उन्हाळ्यात वाढीव वर्षही संपलं. लंडनचा अभ्यास अर्धवट होता, महायुद्ध चालू होतं, पण बडोद्याचा हिशेब पुरा झाला होता. परतणं भाग होतं. निराळ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं सामान पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं.

निघण्यापूर्वी मात्र एक काम त्यांनी करून घेतलं आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा तेच आहे. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीने लंडन विद्यापीठाकडून त्यांनी परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत येऊन राहिलेला अभ्यास पुढे चालू करता येईल. म्हणजे घड्याळ थांबवायची सोय झाली, पण तीही बेमुदत नव्हती. ऑक्टोबर १९२१ ही तिची शेवटची कड.

इकडे बडोद्यात काय झालं? ज्या नोकरीसाठी त्यांना बोलावून घेतलं, त्या नोकरीच्या गावात त्यांना राहायला खोली मिळेना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहिलं आहे. (त्यातली सालं थोडी मागेपुढे झालेली आहेत, ती इतर नोंदींशी ताडून घ्यावी लागतात.) पारशी विश्रामगृहात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर पडावं लागलं. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरात घेण्याचं टाळलं. मुंबईची गाडी रात्रीची होती, तोवर ते बागेत बसून राहिले. २३ सप्टेंबर हा दिवस त्या जागी दरवर्षी पाळला जातो. दहा वर्षांच्या नोकरीचा करार काही दिवसांतच निकालात निघाला.

आता लंडनच्या मुदतीचा हिशेब मांडू. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी आणि काटकसर. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत. नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ. जुलै १९२० मधे बोटीत पाय ठेवला आणि सप्टेंबर संपता संपता लंडन स्कूलमधे पुन्हा नाव दाखल. चारांपैकी तीन वर्षं खर्ची पडली होती, हातात एक उरलं होतं. जून १९२१ मधे एम.एससी. झाली. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एससी.चा प्रबंध ऑक्टोबर १९२२ मधे दिला. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला, तेव्हा मुंबईतून सुधारून पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मधे ती पदवीही मिळाली. त्या ग्रंथाला प्रस्तावना आहे ती कॅनन यांचीच.

आज आपल्याकडे पीएच.डी.ची मुदत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी बांधलेली आहे. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा. या सवलती चांगल्याच आहेत. पण पैसे संपले म्हणून मधे थांबायचं, कमवायचं आणि परत यायचं, याला त्यात वेगळा रकाना नाही.

मुदत नसावी असं मी म्हणणार नाही. तीन वर्षांची कड नसती तर कोलंबियात साठ अभ्यासक्रम झाले असते का, हाही प्रश्नच आहे. पण पैसे देणाऱ्याची मुदत वेगळी आणि विद्या देणाऱ्याची वेगळी, हे १९१७ सालच्या कागदांतून स्वच्छ दिसतं. बडोद्याने शिक्षणाची सुरुवात करून दिली, त्याचं श्रेय आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावंच. ते शिक्षण शेवटाला गेलं ते मात्र लंडनने चार वर्षं जागा राखून ठेवली म्हणून, आणि त्यांतली तीन वर्षं बाबासाहेबांनी पैसा उभा करण्यात घालवली म्हणून. बडोदेकरांनी ही गोष्ट सांगताना हा हिशेबही सांगायला हवा.