लातूरचा वकील, हैदराबादचा संपादक

कासिम रझवीचं नाव आमच्या आजोबांच्या तोंडी गावकीतल्या माणसासारखं यायचं. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा हा म्होरक्या लातुरात वकिली करायचा, त्यामुळं त्याचा कोट, त्याची दाढी, त्याची भाषणं हे सगळं आजोबा तपशिलानं सांगत. आजीची रझाकारी वेगळी. तिच्यात ज्वारीच्या पिठाचं गाठोडं असे, पोरांना बैलगाडीत घालून रातोरात गाठलेली, हैदराबाद संस्थानाबाहेरच्या बार्शीची हद्द असे. आणि मध्येच एक बिननावाचा माणूस येई. “हैदराबादेत पेपरवाल्याचे हात तोडले बघ. अन् तो मुसलमानच होता की!”

त्याचं नाव शोएबुल्ला खान. वय तिशीच्या आतलं. आधी ‘तेज’, मग मंदुमुला नरसिंगरावांचं ‘रय्यत’; निजाम सरकारनं ही वर्तमानपत्रं बंद पाडली, तेव्हा १९४७च्या नोव्हेंबरात या गड्यानं स्वतःचं ‘इमरोज’ काढलं. रझाकारांचे अत्याचार आणि भारतात विलीन होण्याची गरज, दोन्ही तो उर्दूत छापत होता. म्हणजे रझवी ज्यांच्या नावानं बोलत होता, त्यांच्याच घराघरांत ते वाचलं जात होतं. आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ हा पेपर निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्याहून काढला. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढायचा. शोएबुल्लांना पुणं नव्हतं. कचेरी हैदराबादेत, घरही तिथंच.

आमच्या विरोधात लिहिणारे हात तोडू, असं रझवी भाषणात बोलल्याचं सांगतात. २१ ऑगस्ट १९४८च्या रात्री शोएबुल्ला मेव्हण्याबरोबर घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तलवारीनं हात छाटला. त्यात ते गेले; मेव्हणा जबर जखमी झाला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, तीच ‘पोलीस ॲक्शन’. महिनाही मध्ये गेला नव्हता.

दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, आमच्याकडं झेंडावंदन होतं. भाषणांत रझवी हमखास असतो. शोएबुल्ला मी तरी कधी ऐकला नाही. त्याला घेतलं की हिंदू विरुद्ध मुसलमान ही सोपी मांडणी बिघडते, दुसरं काय?

पोलीस ॲक्शननंतरचं तर कुणीच बोलत नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीत ‘पयाम’चे संस्थापक काझी अब्दुल गफ्फार हे पत्रकार होते. संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, असा समितीचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ बसली. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. वार्ताहराला मारायला रझाकार लागले, वार्ता दाबायला फडताळ पुरलं.

आजोबांना याबद्दल विचारलं, तर रझवीच्या कोटाची बटणं आठवणारा हा माणूस म्हणाला, “आम्ही तेव्हा बार्शीतच होतो. काय माहीत.”

“दिवाळीला परत आलो होतो की,” आजी आतून म्हणाली.