वसाहतीचा शब्द आणि नागर आदिवासी चित्रकार

ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांना मराठीत 'आदिवासी' म्हणावे, तर एक अडचण उद्भवते. या शब्दासरशी आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, रान आणि पाडा उभा राहतो. 'नागर आदिवासी' हा प्रयोग वदतोव्याघातासारखा वाटतो. ऑस्ट्रेलियातील कलाव्यवहारातही हाच पूर्वग्रह दीर्घकाळ नांदत होता. १९७१ पासून पापुन्या येथे वाळवंटी प्रदेशातील चित्रकारांनी जी चित्रे काढली, ती अस्सल. शहरात वाढलेल्याची कला मात्र भेसळीची, असा दंडकच पडला होता. या दंडकास उत्तर म्हणून १९८७ मध्ये सिडनीत दहा कलावंतांनी 'बूमाली' ही सहकारी संस्था स्थापन केली. प्रहार करणे, खूण उमटविणे असा अर्थ असलेला हा शब्द त्यांनी बंजालुंग, गमिलराय आणि विराजुरी या भाषांतून घेतला.

अशा शब्दांचा साठा प्रत्येकाच्या वाट्यास आलेला नव्हता. १७८८ मध्ये इंग्रजांची वसाहत झाली, तेव्हा त्या खंडात सुमारे २५० भाषा होत्या. पुढे मिशनवस्त्यांतील सक्ती आणि मुलांना मातापित्यांपासून तोडण्याचे सरकारी धोरण यांमुळे त्यांपैकी बहुतेक भाषांची परंपरा खंडित झाली. नागर चित्रकाराच्या हाती उरली ती इंग्रजी. तिचे त्याने काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे.

गॉर्डन बेनेट (१९५५–२०१४) याने १९८९ मधील एका कृतीत सहा चौकटींखाली सहा शब्द लिहिले: डिस्मे, डिस्प्लेस, डिस्पर्स, डिस्पिरिट, डिस्प्ले, डिसमिस. उपसर्ग एकच, आणि त्या उपसर्गातच विस्थापनाचा अवघा क्रम सामावलेला आहे. यांतील 'डिस्पर्स' म्हणजे वरवर पाहता 'पांगविणे'. परंतु एकोणिसाव्या शतकातील क्वीन्सलँडच्या 'नेटिव्ह पोलीस' दलाच्या व्यवहारात आदिवासींना गोळ्या घालण्यास हाच सौम्य शब्द योजीत असत. कोशात हा अर्थ शोधू गेल्यास बहुधा हाती निराशाच येईल.

डेस्टिनी डीकन (१९५७–२०२४) हिची युक्ती याहून सूक्ष्म होती. १९९१ च्या सुमारास तिने 'ब्लॅक' या इंग्रजी शब्दातील 'सी' हे अक्षर गाळले. उच्चार तोच राहिला. भेद कानास कळत नाही, केवळ डोळ्यांस दिसतो. गोऱ्यांनी दिलेले नाव अशा रीतीने आदिवासींनी आपलेसे केले, आणि ते लेखन आज तेथे सर्रास रूढ आहे. (देवनागरीत हा भेद दाखविताच येत नाही, भाषांतरकाराने येथे हात टेकावेत हेच बरे.)

२०२४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात आर्ची मूर याच्या 'किथ अँड किन' या कृतीस सुवर्णसिंह मिळाला. 'किथ' या जुन्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मायदेश, देशबांधव असा होता. आज तो या जोडशब्दाबाहेर क्वचितच आढळतो. मूरने काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने ६५,००० वर्षांची वंशावळ लिहिली. तीत कामिलरोई व बिगंबुल भाषांतील नातेवाचक शब्द आहेत, आणि सरकारी दप्तरांतून उचललेली अपमानास्पद संबोधनेही आहेत. कत्तली, साथीचे रोग आणि नष्ट झालेली कागदपत्रे यांमुळे जेथे वंशाचा धागा तुटला, तेथे त्याने काहीच लिहिलेले नाही. भिंत काळीच ठेवली आहे.