जामखेडचे पुढारीपण
१९७९ साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो ‘सामुदायिक नेतृत्वा’साठी. डॉक्टरांना नेतृत्वाचा पुरस्कार का, या प्रश्नातच मला जामखेडच्या प्रयोगाचे मर्म दिसते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेल्या या दोघांनी साठच्या दशकात नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. बरा होऊन गेलेला रोगी पुन्हा त्याच दुखण्याने परत येई. कारण गावातली उपासमार आणि घाण पाणी तसेच असे. म्हणून १९७० मध्ये जामखेडला आल्यावर त्यांनी आधी लोकांचे ऐकले. लोकांना दवाखान्याआधी अन्न आणि पाणी हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने ते खरे ठरवले. विहिरी, बांधबंदिस्ती, झाडे अशी कामे निघाली. सगळ्या जातींच्या तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. हातपंप दलित वस्तीत बसले, तेव्हा पाण्यासाठी इतरांची पावले तिकडे वळली.

गावांनी निवडलेल्या आरोग्य सेविका बहुतेक निरक्षर, अनेक दलित. प्रशिक्षणासाठी त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत. आरोळ्यांची श्रद्धा ख्रिस्ती होती. तिचा प्रत्यय या पंगतीत येई. १९७१ साली हजारी १७६ च्या घरात असलेला बालमृत्युदर नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आला, त्यात या बायकांचा वाटा मोठा.

मराठी ख्रिस्ती परंपरेत सहजीवन आणि शेतीची सांगड नवी नव्हती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळग्रस्त मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली. मात्र मुक्ती हे निराधारांचे घर होते, तर जामखेडची बाई शिकून आपल्याच गावात, आपल्याच उंबऱ्यावर परतत होती. ज्यांनी तिला कालपर्यंत दूर ठेवले, त्यांच्याच घरातले बाळंतपण तिला सांभाळायचे होते. पुढारीपणाची खरी परीक्षा तिथे होती.

मी चिंचवडला राहतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत दुष्काळी तालुक्यांतली मुले कंत्राटावर राबताना रोज दिसतात. त्यांना गाव सोडल्याचा दोष देणे सोपे आहे. पण जामखेडचा इतिहास वेगळे सांगतो: गावात राहण्याइतके पाणी आणि माणूस म्हणून मान मिळाला, तरच शिकलेला माणूस गावात टिकतो आणि पुढारी होतो. नुसत्या शिबिरांनी ते होत नाही.